उतारवयांतील बळ आणि हॉर्मोनांची भूल

आपल्या समाजांत वडील माणसांचा मान राखण्याच्या ज्या रीति आहेत, त्यांत एक अशी आहे कीं, माणूस साठीच्या पलीकडे गेलें म्हणजे त्याच्या हातांतलें काम काढून घ्यावयाचें. सासूबाईंनीं पिठाचा डबा उचलला कीं सून धांवत येते. आजोबा पिशवी घेऊन मंडईस निघाले कीं नातू ती हातांतून घेतो. ‘तुम्हीं आजवर पुष्कळ केलेंत, आतां स्वस्थ बसा’ हें वाक्य तर घरोघरीं ऐकूं येतें. या वाक्यामागचें प्रेम खरें आहे आणि कृतज्ञताहि खरी आहे. परंतु ज्याच्यावर हें प्रेम करावयाचें त्याचेच पाय त्यामुळें दुबळे होत असतील, तर त्याचा विचार करावयास नको काय? गेल्या पस्तीस-चाळीस वर्षांत वैद्यकशास्त्रानें वार्धक्यांतील अशक्तपणाविषयीं जें ज्ञान मिळविलें आहे, तें आपल्या या रीतीच्या अगदीं मुळाशीं जाऊन भिडतें. दुसऱ्या बाजूस, बाजारांत आणि हातांतल्या फोनवर ‘हॉर्मोन वाढवा, तारुण्य परत मिळवा’ अशा जाहिरातींचा सुळसुळाट झाला आहे. एकीकडे घरची माया आणि दुसरीकडे बाहेरची भूल. या दोहोंमध्यें सांपडलेल्या थकल्या देहाचें खरें हित कशांत आहे, तें वाचकांपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम या अशक्तपणाचें स्वरूप पाहूं. मनुष्याचे स्नायू साधारणतः तिशीच्या सुमारास पूर्ण भरांत असतात. त्यानंतर दर दहा वर्षांस शेंकडा तीन ते आठ या प्रमाणांत ते कमी होऊं लागतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. स्वीडनमधील संशोधकांनीं १९८८ सालीं या बाबतींत एक मोठें परिश्रमाचें काम प्रसिद्ध केलें. अकस्मात् मृत्यु आलेल्या, परंतु एरव्हीं निरोगी असलेल्या ४३ पुरुषांच्या मांडींतील एका मोठ्या स्नायूचे सबंध आडवे छेद घेऊन त्यांनीं त्यांतील तंतूंची गणना केली. विसाव्या वर्षापासून ऐंशीव्या वर्षापर्यंत त्या स्नायूचा सुमारें शेंकडा ४० भाग नाहींसा होतो, असें त्यांस आढळून आलें. तंतु नुसते बारीक होत नाहींत, त्यांची संख्याच घटते. कारण त्यांना आज्ञा पोंचविणाऱ्या पाठीच्या कण्यांतील मज्जापेशी वयाबरोबर एकेक करून निकामी होत जातात. त्यांतहि जे तंतु चपळ, झटकन् आकुंचन पावणारे, त्यांची झीज अधिक होते. ठेंच लागल्यावर आपला तोल सांवरतो तो याच चपळ तंतूंच्या जोरावर. म्हणूनच म्हातारें माणूस सावकाश मैलभर चालून येतें, पण न्हाणीघरांत पाय घसरला तर स्वतःस सांवरूं शकत नाहीं. पुढें खुब्याचें हाड मोडणें, अंथरूण धरणें आणि परावलंबी होणें ही साखळी कोणत्या कुटुंबानें पाहिलेली नाहीं?

१९८८ सालींच अमेरिकेंतील आल्बुकर्की येथें भरलेल्या एका बैठकींत आयर्विन रोझेनबर्ग यांनीं या अवस्थेस ‘सार्कोपीनिया’ हें नांव सुचविलें. ग्रीक भाषेंत ‘सार्क्स’ म्हणजे मांस आणि ‘पेनिया’ म्हणजे उणीव किंवा दारिद्र्य. मांसाचें दारिद्र्य, असा त्याचा सरळ अर्थ. आपण त्यास स्नायुक्षय म्हणूं. नांव मिळेपर्यंत हा ‘वयाचा धर्म’ समजून सोडून दिला जात होता. नांव मिळाल्यावर त्याची मोजदाद सुरू झाली, उपाय शोधले जाऊं लागले आणि २०१६ सालीं अमेरिकेंतील रोगांच्या अधिकृत यादींत त्यास स्वतंत्र क्रमांकहि मिळाला.

कोणी म्हणेल, स्नायू हे पहिलवानांना हवेत. पंचाहत्तरीच्या गृहस्थास किंवा आजीबाईंस त्यांचें काय काम? हा समज चुकीचा आहे. जेवणानंतर रक्तांत उतरणारी साखर उचलून घेणारें शरीरांतील सर्वांत मोठें कोठार म्हणजे स्नायू. तें कोठार लहान झालें कीं मधुमेहास वाट मोकळी होते, आणि मधुमेह जडला कीं स्नायूंची झीज आणखी वाढते. शिवाय मोठें आजारपण आलें, शस्त्रक्रिया झाली, कीं जखमा भरून काढण्यास आणि रोगाशीं झगडण्यास लागणारीं प्रथिनें शरीर स्नायूंतूनच मोडून घेतें. गांठीं शिल्लक असलेला माणूस दुष्काळांतून तरतो, नसलेला बुडतो. देहाचेंहि तसेंच आहे.

आतां हॉर्मोनांकडे वळूं. शरीरांतील कांहीं ग्रंथि आपले रस नलिकेवाटे बाहेर न सोडतां सरळ रक्तांत सोडतात, आणि ते रस दूरच्या अवयवांस आज्ञा देतात. इंग्लंडांतील शरीरशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनीं १९०५ सालीं अशा द्रव्यांस ‘हॉर्मोन’ हें नांव दिलें. ‘चेतविणें’ या अर्थाच्या ग्रीक धातूपासून तें घेतलें आहे. मराठींत त्यास संप्रेरक म्हणतात. स्नायूंची घडण आणि मोडतोड या संप्रेरकांच्या तंत्रानें चालते. पुरुषांच्या वृषणग्रंथींतून येणारें टेस्टोस्टेरॉन आणि मेंदूच्या तळाशीं असलेल्या पीयूषिका ग्रंथींतून येणारें वृद्धिसंप्रेरक हीं घडणीस साह्य करितात. इन्सुलिन मोडतोड आवरून धरतें. उलटपक्षीं, मूत्रपिंडांच्या डोक्यावरील ग्रंथींतून येणारें कॉर्टिसोल अधिक झालें तर स्नायू वितळूं लागतात. गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीचा स्राव फार वाढला तरी अशक्तपणा येतो आणि फार घटला तरीहि येतो. वय वाढतें तसें पुरुषांतील टेस्टोस्टेरॉन वर्षास सुमारें शेंकडा एक या मंद गतीनें उतरतें; स्त्रियांचें ईस्ट्रोजेन मात्र रजोनिवृत्तीच्या वेळीं, म्हणजे पंचेचाळीस ते पन्नाशीच्या सुमारास, थोड्या वर्षांतच खालीं येतें; वृद्धिसंप्रेरकाचा झरा तर तारुण्य सरतांच आटूं लागतो. तेव्हां ‘जें कमी झालें तें बाहेरून भरून काढलें कीं झालें’ असें सामान्य बुद्धीस वाटावें यांत नवल नाहीं. शास्त्रज्ञांनाहि तसेंच वाटलें होतें.

या विचाराचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. १८८९ सालच्या जून महिन्याच्या पहिल्या दिवशीं पॅरिसमधील जीवशास्त्र मंडळापुढें एक ७२ वर्षांचे वृद्ध शास्त्रज्ञ व्याख्यानास उभे राहिले. त्यांचें नांव शार्ल एदुआर ब्राउन-सेकार. मॉरिशस बेटांत जन्मलेला हा मनुष्य कोणी भोंदू नव्हता. मज्जासंस्थेवरील त्यांच्या संशोधनामुळें त्यांचें नांव आजहि वैद्यकाच्या ग्रंथांत आहे. त्यांनीं कुत्रा आणि गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क काढून स्वतःस टोंचून घेतला होता. त्यामुळें अंगांत पुन्हां जोर आला, हाताची पकड वाढली, जिना झपाझप चढतां येऊं लागला आणि बौद्धिक कामाचा थकवा नाहींसा झाला, असें त्यांनीं भर सभेंत सांगितलें. बातमी जगभर पसरली आणि असे अर्क विकणाऱ्यांची चंगळ झाली. पुढें १९२० नंतर सर्ज व्होरोनॉफ नांवाच्या शस्त्रवैद्यानें माकडांच्या ग्रंथींचे तुकडे धनिक वृद्धांच्या देहांत बसवून अमाप पैसा मिळविला. वास्तविक टेस्टोस्टेरॉन हें पाण्याच्या अर्कांत फारसें उतरतच नाहीं. ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं ब्राउन-सेकार यांच्याच कृतीनें अर्क काढून तपासला, तेव्हां त्यांत हें द्रव्य इतकें अत्यल्प निघालें कीं त्याचा शरीरावर परिणाम होणें शक्य नव्हतें. २००२ सालीं त्यांनीं हें प्रसिद्ध केलें. म्हणजे त्या वृद्ध पंडितास आलेली शक्ति ही विश्वासाची शक्ति होती. एवढा मोठा शास्त्रज्ञहि जेथें स्वतःच्या आशेस बळी पडला, तेथें सामान्य माणसाची कथा काय!

खरें टेस्टोस्टेरॉन शुद्ध स्वरूपांत हातीं आलें तें १९३५ सालीं. अ‍ॅम्स्टरडॅम येथें एर्न्स्ट लाकेर यांच्या मंडळीनें तें बैलांच्या वृषणांतून वेगळें केलें आणि त्याच सालीं आडोल्फ बूटेनांट व लेओपोल्ड रुझिच्का यांनीं तें प्रयोगशाळेंत तयार केलें. या दोघांस १९३९ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. आतां अर्काचा संशय राहिला नाहीं. प्रश्न एवढाच उरला कीं, खरें द्रव्य खऱ्या मात्रेनें दिलें तर म्हाताऱ्या माणसास खरें बळ येतें काय?

याचें उत्तर मिळण्यास आणखी पन्नास-साठ वर्षें जावीं लागलीं, आणि तें मिळालें तें अपेक्षेपेक्षां निराळें. १९९० सालीं अमेरिकेंतील डॅनियल रडमन यांनीं साठीच्या पुढील बारा पुरुषांस सहा महिने वृद्धिसंप्रेरकाचीं इंजेक्शनें दिलीं. त्यांच्या देहांतील चरबीखेरीज वजन शेंकडा ८.८ नें वाढलें आणि चरबी शेंकडा १४.४ नें घटली. वर्तमानपत्रांनीं ‘तारुण्याचा झरा सांपडला’ अशी हाकाटी केली आणि त्या एका लहानशा प्रयोगावर कित्येकांनीं दुकानें थाटलीं. पण सहा वर्षांनीं, म्हणजे १९९६ सालीं, दुसऱ्या संशोधकांनीं सत्तरीच्या ५२ निरोगी पुरुषांवर हाच प्रयोग अधिक काटेकोरपणें केला. देहाची ठेवण बदलली खरी. पण हातापायांचें बळ, चालणें, उठणें-बसणें यांत कांहींएक सुधारणा झाली नाहीं. उलट पायांवर सूज आणि सांधेदुखी मात्र आली. टेस्टोस्टेरॉनचीहि तीच गोष्ट. पेन्सिल्व्हेनियांत पासष्टीच्या पुढील १०८ पुरुषांवर तीन वर्षें केलेल्या प्रयोगाचा निकाल १९९९ सालीं प्रसिद्ध झाला. औषध घेणारांचें स्नायूंचें वजन वाढलें, चरबी उतरली, परंतु गुडघ्याचा जोर औषध न घेणारांपेक्षां अधिक वाढला नाहीं. डी. एच. ई. ए. नांवाच्या ज्या गोळ्या आज तारुण्यरक्षक म्हणून विकल्या जातात, त्यांची २००६ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनीं दोन वर्षें स्त्री-पुरुषांवर परीक्षा पाहिली. शक्ति, देहाची ठेवण, जीवनांतील समाधान, कशांतहि उपयोग दिसला नाहीं.

या सर्व प्रयोगांतून एक मोठें सत्य बाहेर आलें, तें वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावें. स्नायूंचें वजन वाढणें निराळें आणि बळ वाढणें निराळें. बळ हें केवळ मांसांत नसतें; मेंदूनें आज्ञा करावी, मज्जातंतूंनीं ती पोंचवावी आणि तंतूंनीं ती एकदम पाळावी, या सवयींत तें असतें. ही सवय सुईवाटे टोंचतां येत नाहीं.

धोक्यांचाहि हिशेब पाहिला पाहिजे. २०२३ सालीं अमेरिकेंतील पांच हजारांहून अधिक पुरुषांवरील एका मोठ्या प्रयोगाचा निकाल लागला. ज्यांचें टेस्टोस्टेरॉन खरोखरीच कमी होतें आणि ज्यांना हृद्रोग होता किंवा होण्याचा संभव होता, असे ४५ ते ८० वर्षांचे पुरुष त्यांत होते. हृदयविकाराचा झटका आणि पक्षघात यांचें प्रमाण औषधामुळें वाढलें नाहीं, ही समाधानाची गोष्ट. परंतु हृदयाची अनियमित धडधड, फुप्फुसांत रक्ताची गुठळी अडकणें आणि मूत्रपिंडास इजा होणें हे प्रकार औषध घेणारांत अधिक आढळले. हाडें बळकट होतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षांत हाडें मोडण्याचें प्रमाण औषध घेणारांत शेंकडा ३.५ आणि न घेणारांत शेंकडा २.५ निघालें. स्त्रियांच्या बाबतींत २००२ सालीं अमेरिकेंतील सोळा हजारांवर स्त्रियांवरील संयुक्त हॉर्मोनांचा प्रयोग मुदतीपूर्वींच थांबवावा लागला. हाडांचें रक्षण झालें, पण स्तनांचा कर्करोग व पक्षघात यांचें प्रमाण वाढलें. रजोनिवृत्तीच्या तीव्र त्रासासाठीं योग्य वयांत आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीं हीं औषधें आजहि योग्य प्रकारें दिलीं जातात; पण सत्तरीच्या आजींच्या पायांत बळ यावें म्हणून नव्हे.

हॉर्मोनें म्हणजे विष, असें आमचें म्हणणें नाहीं. ज्याची पीयूषिका ग्रंथि किंवा वृषणग्रंथि खरोखर रोगानें निकामी झाली आहे, त्यास तीं जीवनदायी आहेत. अशक्तपणा वाढत असेल तर थायरॉइड, रक्तांतील साखर, ड जीवनसत्त्व व रक्तक्षय यांची तपासणी अवश्य करावी. तेथें उणीव सांपडली तर औषधाचा गुण उत्तम येतो. आमचा आक्षेप आहे तो निदानावांचून केलेल्या उपचारास. त्यांतहि एका गोष्टीविषयीं कुटुंबांतील कर्त्या माणसांनीं फार सावध असावें. गुडघेदुखीवर ‘झाडपाल्याचें औषध’ म्हणून ज्या बिनलेबलाच्या पुड्या विकल्या जातात, त्यांपैकीं कांहींत स्टेरॉइडची भेसळ असल्याचें वारंवार आढळलें आहे. हीं द्रव्यें कॉर्टिसोलचींच भावंडें. चार दिवसांत वेदना जातात, भूक लागते, चेहरा भरल्यासारखा दिसतो आणि घरचीं माणसें वैद्याची तारीफ करूं लागतात. परंतु आंतून मांड्यांचे आणि दंडांचे स्नायू वितळत असतात, हाडें पोकळ होत असतात, साखर वाढत असते. आणि अशी पुडी बरेच दिवस घेतल्यावर एकाएकीं बंद करणेंहि धोक्याचें असतें, म्हणून तीहि डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच सोडावी.

मग उपाय काय? उपाय आहे, तो स्वस्त आहे आणि त्याची परीक्षाहि कडक झालेली आहे. १९९० सालींच, म्हणजे रडमन यांचा गाजलेला प्रयोग प्रसिद्ध झाला त्याच वर्षीं, बॉस्टन येथें मारिया फियातारोने या डॉक्टर बाईंनीं एक विलक्षण धाडस केलें. वृद्धाश्रमांत राहणाऱ्या, सरासरी नव्वद वर्षांच्या दहा दुबळ्या स्त्रीपुरुषांस त्यांनीं पायांनीं वजन उचलण्याचा व्यायाम दिला. आठवड्यांतून तीन दिवस, असे आठ आठवडे. आणि वजन नांवापुरतें नव्हे, तर चांगलें जड, हळूहळू वाढवीत नेलेलें. नऊ जणांनीं तो पुरा केला. त्यांच्या पायांचें बळ सरासरीनें शेंकडा १७४ नें वाढलें आणि दोघांनीं तर हातांतली काठी टाकली! चार वर्षांनीं त्यांनीं असेच शंभर वृद्ध घेऊन हा प्रयोग पुन्हां केला. बळ शेंकडा ११३ नें वाढलें, चालण्याचा वेग वाढला, जिना चढण्याची शक्ति वाढली. त्याच वेळीं कांहींजणांस व्यायामावांचून केवळ पौष्टिक पेय दिलें होतें. त्यांस कांहींच लाभ झाला नाहीं. मात्र पहिल्या प्रयोगांतील मंडळींनीं व्यायाम सोडल्यावर चार आठवड्यांत बळाचा सुमारें तिसरा हिस्सा गेला, हेंहि ध्यानांत ठेवावें. ही कमाई रोजची आहे. एकदां मिळवून तिजोरींत ठेवतां येत नाहीं.

याच्या उलट चित्रहि पाहावें. २००७ सालीं अमेरिकेंत साठीच्या पुढील निरोगी स्त्रीपुरुषांस केवळ दहा दिवस बिछान्यावर पडून राहण्यास सांगितलें. अन्न नेहमींचें, रोग कांहीं नाहीं. दहा दिवसांत त्यांच्या पायांतील सुमारें एक किलो मांस झडलें! आपल्याकडे तापांतून उठलेल्या सासऱ्यांस घरचीं मंडळी प्रेमानें पंधरा-पंधरा दिवस अंथरुणांतून उठूं देत नाहींत. पाणी हातांत, जेवण हातांत, ‘डॉक्टरांनीं विश्रांति सांगितली आहे’ हें पालुपद तोंडांत. नंतर ते भिंत धरून चालूं लागले कीं आपण म्हणतों, ‘आजारानें फार खालावले हो!’ आजारानें किती आणि आपल्या मायेनें किती, याचा निवाडा कोणी करावा?

तेव्हां घरांत काय करतां येईल? व्यायामशाळा नको, यंत्रें नकोत. पाठीच्या खुर्चीवर बसून हातांचा आधार न घेतां उभें राहावें आणि पुन्हां सावकाश बसावें. असें प्रथम पांच वेळां, मग आठ, मग दहा. भिंतीवर तळहात टेकून अंग पुढें-मागें करावें. कठडा धरून टांचा उचलाव्यात. पाण्यानें भरलेली लिटरची बाटली हातांत घेऊन खांद्यापर्यंत न्यावी. सोपें वाटूं लागलें कीं वजन किंवा आवृत्ति वाढवावी. कारण स्नायूस जेवढें मागावें तेवढेंच तो देतो. आठवड्यांतून दोन-तीन दिवस हें करावें आणि रोज चालावें. केवळ चालणें हृदयास हितकर आहे, पण बळासाठीं तें पुरेसें नाहीं. सूर्यनमस्कार तर महाराष्ट्रास नवे नाहींत. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं त्यांच्या प्रसारासाठीं आपलें आयुष्य वेंचलें. ज्यांना जन्माची सवय आहे त्यांनीं साठीनंतर ते सोडूं नयेत. ज्यांना नाहीं त्यांनीं एकदम बारा घालण्याचा हट्ट धरूं नये. हृदयविकार, अनावर रक्तदाब, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा ठिसूळ हाडें असतील तर आरंभापूर्वीं डॉक्टरांस विचारावें. छातींत दुखलें किंवा घेरी आली तर तत्क्षणीं थांबावें.

पाटावर मांडी घालून जेवणें आणि हात न टेकतां उठणें ही आपली जुनी रीत हा एक उत्तम व्यायाम होता. ब्राझीलमध्यें ५१ ते ८० वर्षांच्या २००२ व्यक्तींस जमिनीवर बसून उठावयास लावून त्यांची पाहणी केली गेली. ज्यांना कमींत कमी आधारानें उठतां येत होतें, तीं माणसें पुढील कांहीं वर्षांत अधिक संख्येनें जिवंत राहिलीं, असें २०१२ सालीं प्रसिद्ध झालें. उठण्यानें आयुष्य वाढतें असें यावरून सिद्ध होत नाहीं; पण देहाचें बळ किती उरलें आहे याची ती चांगली खूण आहे. जेवणाचीं टेबलें आलीं तीं आलीं; गुडघे चांगले असतील तर देवपूजेस तरी आसनावर बसण्याची सवय मोडूं नये.

आतां अन्नाविषयीं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२० सालीं ठरविलेल्या प्रमाणाप्रमाणें प्रौढ माणसास दर किलो वजनास सुमारें ०.८३ ग्रॅम प्रथिनें रोज लागतात. उतारवयांत स्नायू अन्नांतील प्रथिनांस पूर्वींसारखी दाद देत नाहींत, म्हणून वृद्धांनीं एक ते १.२ ग्रॅमपर्यंत घ्यावीं असें या विषयांतील तज्ज्ञांचें मत आहे. पन्नास किलोच्या आजींस म्हणजे पन्नास ते साठ ग्रॅम. आतां त्यांचें ताट पाहा. सकाळीं चहा, थोडे पोहे. दुपारीं दोन पोळ्या, भाजी, पातळ वरण आणि भात. रात्रीं ‘पचायला हलकें’ म्हणून मऊ भात, मेतकूट आणि ताक. हिशेब केला तर तीस-पस्तीस ग्रॅमच्या पुढें तो जात नाहीं. त्यांत एकादशी, चतुर्थी, सोमवार आले कीं साबुदाण्यावर दिवस जातो, आणि साबुदाण्यांत प्रथिनें जवळजवळ नाहींतच. शाकाहारी घरांतहि ही तूट सहज भरून निघते: वरण घट्ट करावें, मुगाचें धिरडें, मोडाची उसळ, शेंगदाण्याची चटणी, पिठलें, एक-दोन पेले दूध, वाटीभर दही, अधूनमधून पनीर. हें एकाच जेवणांत न कोंबतां तिन्ही वेळां वांटून द्यावें. उपवासच करावयाचा तर दूध, दही, शेंगदाणे आणि राजगिरा यांवर करावा. ज्यांच्या मूत्रपिंडांस विकार आहे त्यांनीं मात्र प्रथिनें वाढविण्यापूर्वीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

हें सांगण्याचें आणखी एक कारण आपल्या देशबांधवांच्या देहाच्या ठेवणींतच आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनीं पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ सालापासून माता व बालकें यांचा जो अभ्यास केला, त्यांत असें दिसून आलें कीं, आपलीं अर्भकें इंग्लंडांतील अर्भकांपेक्षां वजनानें बरींच लहान, सरासरी २.७ किलोचीं, असतात. तीं स्नायूंनीं कमी भरतात, पण त्वचेखालील चरबी त्या मानानें राखून असतात. दिसण्यांत बारीक आणि आंतून स्निग्ध! ज्याची मूळ पुंजीच लहान, त्यास उधळपट्टी परवडत नाहीं. म्हणून ‘अंगानें सडपातळ आहेत, कांहीं काळजी नाहीं’ हें आपल्याकडे समाधान मानण्याचें कारण होऊं शकत नाहीं.

यांत घरांतील स्त्रियांची बाजू विशेष विचारणीय आहे. त्यांचे स्नायू मुळांत कमी, रजोनिवृत्तीनंतर हाडांचीहि झीज, आणि सर्वांचें झाल्यावर उरलें-सुरलें खाण्याची सवय. ज्या आजींनीं जन्मभर उसळीचा शेवटचा डाव दुसऱ्याच्या ताटांत वाढला, त्यांच्या ताटांत ती प्रथम पडली पाहिजे, ही सुनेनें आणि त्याहून अधिक मुलानें पाहावयाची गोष्ट आहे.

परीक्षाहि घरींच करतां येते. खुर्चीवरून हात न टेकतां पांच वेळां उठण्या-बसण्यास किती सेकंद लागतात तें घड्याळ लावून पाहावें. आशियांतील तज्ज्ञांच्या मंडळानें २०१९ सालीं ठरविलेल्या मापाप्रमाणें बारा सेकंद किंवा अधिक लागले तर सावध व्हावें. हाताच्या पकडीचें माप पुरुषांस २८ किलो आणि स्त्रियांस १८ किलो याहून कमी असेल तर तीहि अशक्तपणाची खूण होय; तें मोजण्याचें लहानसें उपकरण पुष्कळ व्यायामोपचारतज्ज्ञांकडे असतें. बरणीचें झांकण उघडेनासें होणें, जिन्यांत थांबावें लागणें, हिरवा दिवा असतां रस्ता ओलांडून न होणें, वर्षांत दोनदां पडणें, ह्या खुणांसाठीं तर उपकरणहि नको.

शेवटीं एक शंका. कोणी विचारील, ‘म्हणजे म्हाताऱ्या माणसांस पुन्हां कामास जुंपावें असें तुमचें म्हणणें आहे काय?’ मुळींच नाहीं. ओझें लादणें निराळें आणि बळ राखूं देणें निराळें. ज्या कामांत त्यांची इच्छा आहे, ज्यांत घराला त्यांची गरज आहे असें त्यांस वाटतें, तें काम त्यांच्या हातून काढून घेऊं नये, एवढेंच आम्ही म्हणतों. मंडईची अर्धी पिशवी आजोबांनीं आणावी, कुंड्यांस पाणी आजींनीं घालावें, जिना त्यांनीं आपल्या चालीनें चढावा आणि आपण त्यांच्या मागून, हात पुढें न करतां, पण हात तयार ठेवून चालावें. कोपेनहेगन येथील संशोधकांनीं २००० सालच्या सुमारास दाखवून दिलें कीं, काम करणारे स्नायू स्वतःच रक्तांत संदेशवाहक द्रव्यें सोडतात. म्हणजे राबता स्नायु हीच एक अंतःस्रावी ग्रंथि आहे. जें हॉर्मोन लोक बाजारांत शोधीत फिरतात, त्याचा एक लहानसा कारखाना प्रत्येकाच्या मांडींत आहे. तो चालूं ठेवणें ज्याचें त्याच्या हातीं आहे; तो बंद न पाडणें मात्र घरच्या माणसांच्या हातीं आहे. वडिलांनीं आपल्यास चालावयास शिकविलें तेव्हां आपण पडूं म्हणून त्यांनीं आपल्यास कडेवरच बसवून ठेवलें नव्हतें. त्या ऋणाची फेड करावयाची ती त्याच रीतीनें करावी.